रुंद पट्ट्याचा एचएफ मॉडेम : वाचकांचे प्रश्न

उपग्रह हाताशी नसला किंवा त्यावर विसंबून राहता येत नसले, की लष्करे ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लघुलहरींकडे, म्हणजे एचएफकडे वळतात. तिथला डेटा कित्येक दशके ३ किलोहर्ट्झच्या आवाजी चॅनेलमध्येच बसवला जात होता. २०११ साली अमेरिकेच्या मिल-स्टँडर्ड-१८८-११० या मानकाच्या ‘सी’ आवृत्तीत परिशिष्ट ‘डी’ आले. त्यात ३ ते २४ किलोहर्ट्झ रुंदीची, तीन-तीनच्या पायऱ्यांनी वाढणारी वेव्हफॉर्म (डेटा रेडिओलहरीवर चढवण्याच्या ठरलेल्या पद्धती) होती. २०१७ च्या आवृत्तीने ही मर्यादा ४८ किलोहर्ट्झपर्यंत नेली. नाटोचे स्टॅनॅग ५०६९ हे मानक याच कुळातले. या वेव्हफॉर्मची रचना अशी का आणि तिचा मॉडेम बनवताना कुठे अडते, यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही येथे घेतले आहेत.

प्रश्न : ३ किलोहर्ट्झला ९,६०० बिट प्रति सेकंद आणि २४ किलोहर्ट्झला ७६,८००. पट्टा आठपट, वेगही आठपट. मग सगळीकडे २४ किलोहर्ट्झच का वापरत नाहीत? शिवाय ३ किलोहर्ट्झचा सर्वांत वरचा वेग १६,००० आहे. त्याची आठपट १,२८,००० होते. मानकाच्या तक्त्यात मात्र १,२०,००० का?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : दुसरा भाग हिशेबाचा आहे, तो आधी घेऊ. या कुळात दर सेकंदाचे सिम्बॉल, म्हणजे लहरीवरच्या एकेक खुणा, पट्ट्याच्या ०.८ पट असतात : ३ किलोहर्ट्झला २,४०० आणि २४ किलोहर्ट्झला १९,२००. लहरीची उंची आणि कला (फेज) यांच्या २५६ जोड्या वापरणाऱ्या २५६-क्यूएएममध्ये एका सिम्बॉलवर ८ बिट बसतात, म्हणजे कच्चा वेग अनुक्रमे १९,२०० आणि १,५३,६००. ३ किलोहर्ट्झवर दर ३६० डेटा-सिम्बॉलनंतर २४ ज्ञात, म्हणजे रिसीव्हरला आधीच माहीत असलेले, सिम्बॉल येतात. त्यांना मिनी-प्रोब म्हणतात. त्यामुळे १८,००० उरतात. त्यावर ८/९ दराचा दुरुस्ती-कोड लावला, की बरोबर १६,००० हातात येतात, कच्च्या वेगाच्या सुमारे ८३ टक्के. २४ किलोहर्ट्झला १,२०,००० म्हणजे ७८ टक्के. वेगाच्या सर्वांत वरच्या पायरीवर रचनाकारांनी दुरुस्ती आणि ज्ञात सिम्बॉल यांना थोडा जास्त वाटा दिला आहे, आणि ते योग्यच आहे.

आता मूळ प्रश्न. पट्टा आठपट केला, की रिसीव्हरमध्ये शिरणारा गोंगाटही आठपट होतो. ट्रान्समीटरची ताकद तीच राहते, म्हणून सिग्नल-गोंगाट गुणोत्तर, म्हणजे एसएनआर, ९ डेसिबेलने घसरते. स्थिर चॅनेलवर ३ किलोहर्ट्झच्या ९,६०० ला सुमारे २१ डेसिबेल लागतात. समजा तुमच्याकडे नेमके तेवढेच आहेत. तोच ट्रान्समीटर २४ किलोहर्ट्झवर नेला, तर उरतात १२. त्यात त्या पायरीचे ६४-क्यूएएम बसत नाही, फक्त आठ कला वापरणारी ८-पीएसकेही काठावर येते; पण चारच कलांची, २५,६०० ची क्यूपीएसके आरामात चालते. म्हणजे ताकद न वाढवता ९,६०० चे २५,६०० झाले. आठपट नाही, पण अडीच पटींहून जास्त.

हा फायदा कुठून आला, ते समजून घ्यायला हवे. दाट कॉन्स्टेलेशनमध्ये (सिम्बॉलच्या ठिपक्यांच्या नकाशात) एका सिम्बॉलवर आणखी एक बिट चढवायला दर वेळी सुमारे ३ डेसिबेल मोजावे लागतात. विरळ कॉन्स्टेलेशन घेऊन सिम्बॉलच वाढवले, तर तेच डेसिबेल जास्त काम करतात. पण हे डेसिबेल शिल्लक असतील तरच. ३ किलोहर्ट्झवर मुळात ६ डेसिबेलच मिळत असतील, तर तिथे १,६०० ते २,४०० बिट चालतात. २४ किलोहर्ट्झवर तोच सिग्नल उणे ३ डेसिबेलवर येतो आणि त्या पातळीची वेगाची पायरी आहे १,२०० ची. तळाच्या पायऱ्यांमध्ये निम्मे सिम्बॉल ज्ञात ठेवलेले असतात, म्हणून तिथे रुंद पट्टा तोट्यात जातो. पट्टा किती रुंद करायचा, हे दुव्याचे, म्हणजे त्या रेडिओ-जोडणीचे, एसएनआर पाहून ठरवायचे. संचावर बटण आहे म्हणून नव्हे.

प्रश्न : नोकरीत असताना एक गोष्ट नेहमी दिसायची. दक्षिणेकडच्या ठाण्यांशी सूर्यास्तानंतर सिग्नल जोरदार यायचा, तरी २,४०० बिटचा मॉडेम अडखळायचा; ७५ वर मात्र संदेश पोचायचा. रुंद पट्ट्याने हा त्रास जाईल का?
— निवृत्त सिग्नल सुभेदार, सातारा

उत्तर : सुभेदारसाहेब, तुमचे निरीक्षण अचूक आहे आणि त्याचे कारण आयनांबरात, म्हणजे लघुलहरी परतवणाऱ्या वरच्या विद्युतभारित थरांत, आहे. भूचुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. सूर्य मावळल्यावर तिथला एफ थर झपाट्याने वर चढतो, अस्थिर होतो आणि त्यात कमी घनतेचे मोठमोठे बुडबुडे तयार होतात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या विषुवदिनांच्या आसपास हे जास्त घडते. अशा थरावरून परतणारा सिग्नल क्षीण होतोच असे नाही, पण त्याची कला सेकंदात अनेकदा उलटसुलट होते. मीटरचा काटा चांगला दिसतो आणि मॉडेम मात्र आंधळा होतो.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या (आयटीयू) एफ.१४८७ या शिफारशीत चाचणीसाठी चॅनेल ठरवून दिले आहेत. मध्य अक्षांशांच्या खराब दिवसासाठी सिग्नलच्या दोन मार्गांतील वेळेचे अंतर २ मिलिसेकंद आणि डॉप्लर फैलाव, म्हणजे चॅनेल बदलण्याचा वेग, १ हर्ट्झ धरतात. आपल्यासारख्या कमी अक्षांशांच्या खराब वेळेसाठी हेच आकडे ६ मिलिसेकंद आणि १० हर्ट्झ आहेत. युरोप-अमेरिकेत उत्तम चाललेला मॉडेम इथे तसाच चालेल, असे गृहीत धरू नये ते यासाठी.

आता मॉडेमकडे पाहू. ३ किलोहर्ट्झच्या वरच्या बहुतेक पायऱ्यांवर २५६ डेटा-सिम्बॉल आणि ३२ ज्ञात सिम्बॉल अशी चौकट असते. २८८ सिम्बॉल, दर २,४००, म्हणजे १२० मिलिसेकंद. रिसीव्हरला चॅनेलची खरी नजर सेकंदाला फक्त ८.३ वेळा मिळते. नमुन्यांच्या नियमानुसार ४ हर्ट्झपेक्षा वेगाने होणारा बदल त्याला कळूच शकत नाही. व्यवहारात तर १-२ हर्ट्झच्या पुढे दाट कॉन्स्टेलेशन कोलमडते. १५० आणि ३०० बिटच्या पायऱ्यांवर चौकट ४८ डेटा आणि ४८ ज्ञात अशी आहे : ४० मिलिसेकंद, सेकंदाला २५ नजरा. वेग कमी असण्याचे अर्धे कारण हे आहे. ७५ ची पायरी वॉल्श अनुक्रम (सहज वेगळे ओळखता येणारे ठरीव नमुने) वापरते, तिला तर चॅनेलचा बारीक अंदाजही लागत नाही.

मग ज्ञात सिम्बॉल वारंवार का पाठवत नाहीत? ६ मिलिसेकंदांचा पसारा नीट मोजायचा तर प्रोब त्याच्या सुमारे दुप्पट लांब हवा. ३२ सिम्बॉल म्हणजे १३.३ मिलिसेकंद, ते त्यासाठी जेमतेम पुरतात. असे प्रोब सेकंदाला २५ वेळा पाठवले, तर सेकंदाचा एक तृतीयांश भाग त्यातच संपतो. पट्टा रुंद केला म्हणून आयनांबराचे मिलिसेकंद आणि हर्ट्झ बदलत नाहीत. या कुळातल्या बहुतेक निर्णयांच्या मुळाशी हीच अट आहे.

रुंद पट्टा तुम्हाला दुसऱ्या वाटेने उपयोगी पडतो. दोन मार्गांत २ मिलिसेकंदांचे अंतर असले, की दर ५०० हर्ट्झला पट्ट्यात एक खड्डा पडतो. ३ किलोहर्ट्झमध्ये सहाच खड्डे मावतात आणि वाईट क्षणी मोठा भाग बुडतो. २४ किलोहर्ट्झमध्ये ४८ मावतात, त्यामुळे सगळा सिग्नल एकाच क्षणी बुडण्याची शक्यता फार कमी होते. म्हणून अशा संध्याकाळी ताकद शिल्लक असेल, तर २४ किलोहर्ट्झ रुंदीची पण दोनच कलांच्या बीपीएसकेची पायरी घ्यावी, १,२०० किंवा २,४०० ची. पूर्वी ७५ वर रखडणारा संदेश बराच लवकर जाईल. ६४-क्यूएएमचा नाद त्या दोन-तीन तासांत सोडलेला बरा.

प्रश्न : एसडीआरवर (सॉफ्टवेअरने चालणाऱ्या रेडिओवर) परिशिष्ट ‘डी’चा रिसीव्हर लिहिला आहे. ३ किलोहर्ट्झवर २ मिलिसेकंद-१ हर्ट्झच्या चॅनेलमध्ये तो नीट चालतो. २४ किलोहर्ट्झवर मात्र थेट केबलनेही ६४-क्यूएएम मिनिटाभरात ढासळते, आणि फेडिंग (सिग्नलचा चढउतार) लावले की क्यूपीएसकेही. कुठे पाहू?
— सॉफ्टवेअर अभियंता, पुणे

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत, ते एकत्र शोधू नका. केबलवरचा दोष आधी मिटवा.

सुरुवातीला ठीक आणि मिनिटाभराने खराब, हे लक्षण जवळजवळ नेहमी घड्याळाचे असते. दोन टोकांच्या क्रिस्टलमध्ये दशलक्षांशाचा एकच भाग फरक असला, तरी १९,२०० च्या दराने ६० सेकंदांत १.१५ सिम्बॉल सरकतात. २,४०० च्या दराने तोच फरक ०.१४ सिम्बॉल होतो, म्हणून ३ किलोहर्ट्झवर तो दिसला नाही. साधे क्रिस्टल उलट दिशांना २.५ भागांनी चुकले, तर मिनिटाला जवळजवळ पावणेसहा सिम्बॉल. प्रत्येक मिनी-प्रोबवर चॅनेलच्या अंदाजाचे शिखर कुठे आले ते नोंदवा, त्याचा सरळ उतार काढा आणि तो अपूर्णांकी रीसॅम्पलरला (नमुने सिम्बॉलच्या अंशाने सरकवणाऱ्या फिल्टरला) द्या. फेडिंगमध्ये शिखर एका मार्गावरून दुसऱ्यावर उडी मारते. तेव्हा एका शिखराऐवजी सगळ्या अंदाजाचा ऊर्जामध्य घ्या आणि लूप सावकाश ठेवा.

हे दुरुस्त करूनही ठिपके पसरट दिसले, तर सिग्नलचा मार्ग तपासा. ३ किलोहर्ट्झचा मॉडेम १,८०० हर्ट्झच्या सबकॅरियरवर (ऑडिओतल्या मध्यवर्ती सुरावर) असतो आणि साध्या एसएसबी (एकाच बाजूचा पट्टा पाठवणाऱ्या) संचाच्या ऑडिओ जॅकमधून जाऊ शकतो. २४ किलोहर्ट्झला सबकॅरियर १२,३०० हर्ट्झ आहे. तो त्या जॅकमधून जाणारच नाही. आय-क्यू (कच्चे नमुने) किंवा आयएफ (मधली वारंवारता) पातळीवरच जोडणी हवी. वाटेत क्रिस्टल फिल्टर असेल, तर त्याच्या कडांना होणारा विलंब मोजून घ्या. फक्त बाहेरचे ठिपके आत दबलेले दिसत असतील, तर फिल्टरला दोष देऊ नका. तिथे कुठला तरी अ‍ॅम्प्लिफायर संपृक्त होतो आहे.

एजीसीकडेही, म्हणजे रिसीव्हरच्या स्वयंचलित पातळी-नियंत्रणाकडेही, पाहा. त्याची प्रतिक्रिया मिनी-प्रोबच्या अंतराइतक्याच वेगाची असली, तर तो स्वतःच कृत्रिम फेडिंग तयार करतो. सुरुवातीला पाठवल्या जाणाऱ्या ओळखीच्या प्रीअ‍ॅम्बलमध्ये पातळी पटकन पकडावी आणि डेटा सुरू झाल्यावर अगदी सावकाश हलावे. ट्रान्समीटरच्या एएलसीलाही (ताकदीच्या स्वयंचलित नियंत्रणालाही) हेच लागू आहे. प्रीअ‍ॅम्बलच्या आधी पातळी स्थिर व्हावी म्हणून पाठवायच्या ब्लॉकची सोय मानकात आहे. ती संख्या शून्य ठेवली आणि एएलसी संथ असला, की पहिलाच प्रीअ‍ॅम्बल विकृत जातो. प्रीअ‍ॅम्बलची एक सुपरफ्रेम २४० मिलिसेकंदांची असते आणि वेव्हफॉर्मचा क्रमांक व इंटरलीव्हर (बिट वेळेत विखुरणारी पद्धत) कोणता तेही तीच सांगते. ती हुकली, तर पुढचे सगळेच हुकते.

आता फेडिंग. २ मिलिसेकंद म्हणजे २,४०० च्या दराने ४.८ सिम्बॉल आणि १९,२०० च्या दराने ३८.४. ६ मिलिसेकंदांना हेच आकडे १४.४ आणि ११५ होतात. तुमच्या चॅनेल-अंदाजाची खिडकी किंवा इक्वलायझरची (मिसळलेले सिम्बॉल वेगळे करणाऱ्या फिल्टरची) लांबी कोडमध्ये १६ किंवा ३२ टॅपवर (फिल्टरच्या गुणांकांवर) ठोकून ठेवली असेल, तर दुसरा मार्ग खिडकीबाहेर पडतो आणि रिसीव्हरला तो निव्वळ गोंगाट वाटतो. क्यूपीएसके ढासळण्याचे हे पहिले संशयित कारण. लांबी सिम्बॉलमध्ये लिहू नका, मिलिसेकंदांत लिहा आणि सिम्बॉल दराने गुणा.

खिडकी १२० टॅपची केली, की दुसरी अडचण उभी राहते. त्यांतल्या तीन-चार टॅपमध्येच खरी ऊर्जा असते. उरलेले प्रत्येक टॅप अंदाजात गोंगाट भरते. गोंगाटाच्या पातळीपेक्षा ठरावीक प्रमाणात वर असलेलीच टॅप ठेवा. उंबरा फार वर नेला, तर क्षीण मार्ग कापला जातो आणि एसएनआर कितीही वाढवले तरी चुका एका पातळीखाली उतरत नाहीत. ६ डेसिबेलपासून सुरुवात करून दोन्ही बाजूंनी चाचणी घ्या.

गणनेचा भारही आठपट वाढेल असे समजू नका. सिम्बॉल आठपट आणि प्रत्येकासाठी टॅप आठपट, म्हणजे नुसते फिल्टर चालवायलाच ६४ पट गुणाकार. गुणांक काढताना सरळ मॅट्रिक्स उलटवत असाल, तर तो भाग घनाने वाढतो. समीकरणांची टोप्लिट्झ रचना (प्रत्येक कर्णावर तोच आकडा) वापरणारी लेव्हिन्सन-पद्धत घेतली, की हा भार वर्गावर येतो. प्रोसेसर मागे पडला की बफर गळतो, आणि तो दोष नेमका फेडिंगमधल्या बिघाडासारखा दिसतो. म्हणून आधी रेकॉर्ड केलेल्या फाइलवर, वेळेचे बंधन न ठेवता, तोच रिसीव्हर चालवून पाहा.

प्रश्न : मोबाइल आणि वायफाय ओएफडीएमवर, म्हणजे डेटा अनेक बारीक कॅरियरवर वाटण्यावर, गेले. एचएफमध्ये बहुमार्ग इतका असताना हे लोक एकाच कॅरियरला का चिकटून आहेत?
— प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मुख्य कारण अ‍ॅम्प्लिफायर. लष्करी संचाची ताकद शिखर-ताकदीने बांधलेली असते. समजा १२५ वॉट. ओएफडीएमची शिखरे सरासरीच्या वर १० डेसिबेलपर्यंत सहज जातात, म्हणजे सरासरी सुमारे १२.५ वॉटवर आणावी लागते. एककॅरियर पीएसके नीट फिल्टर केली, तर हेच अंतर ३ ते ४ डेसिबेल राहते आणि ५० वॉटच्या पुढे सरासरी मिळते. ६ डेसिबेलचा हा फरक पाठीवरच्या बॅटरीच्या संचात फार मोठा आहे. ३९ टोनची समांतर वेव्हफॉर्म जुन्या मानकात होतीच. लोकांनी ती न वापरताच नाकारली असे नाही.

या काळजीचा ठसा कॉन्स्टेलेशनवरही दिसतो. मिल-स्टँडर्ड-१८८-११० च्या ‘बी’ आवृत्तीतले १६-क्यूएएम चौकोनी नाही. बाहेरच्या वर्तुळावर १२ आणि आतल्या वर्तुळावर ४ ठिपके आहेत. ६४-क्यूएएमचाही आठ-बाय-आठ चौकोन शिखरे कमी व्हावीत म्हणून बदललेला आहे.

तरी अ‍ॅम्प्लिफायरची शुद्धता तपासाच. विकृती सिग्नलच्या ३० डेसिबेल खाली असेल, तर अँटेनाला कितीही वॉट दिले तरी पलीकडे ३० डेसिबेलपेक्षा चांगला सिग्नल मिळणार नाही. २५६-क्यूएएमला स्थिर चॅनेलवरच साधारण तेवढे लागतात. ताकद ३ डेसिबेलने कमी केल्यावर चुका घटल्या, तर दोष इथेच आहे.

आणि अँटेना. गाडीवरचा आखूड व्हिप (छडी-अँटेना) २.५ मेगाहर्ट्झवर ट्यून केला आणि ट्यूनरसह त्याचा क्यू (गुणवत्ता-अंक) २०० भरला, तर त्याची स्वतःची पट्टारुंदी १२.५ किलोहर्ट्झच उरते. २४ किलोहर्ट्झचा सिग्नल त्यातून कडा गमावूनच निघेल. खालच्या वारंवारतांवर लांब तार किंवा रुंद पट्ट्याचा द्विध्रुव वापरा, नाहीतर १२ किलोहर्ट्झवर समाधान माना.

प्रश्न : सिम्युलेशनमध्ये समुद्रावरच्या भूतरंगाचा (पृष्ठभागालगत जाणाऱ्या लहरीचा) स्वच्छ दुवा धरून १,२०,००० चा वेग मिळवला. वर पोचपावत्या सांभाळणारा स्टॅनॅग ५०६६ चा थर बसवला, तर फाइल ४०,००० च्या आसपासच जाते. चूक कुठे?
— नौदल संदेशवहनाचे अभ्यासक, वास्को

उत्तर : चूक तुमच्या कोडमध्ये नसावी. स्टॅनॅग ५०६६ हा दुवा-थर अरुंद पट्ट्याच्या काळातला आहे. त्यात पोचपावतीविना हवेत ठेवता येणाऱ्या तुकड्यांची खिडकी १२८ ची असते आणि एका तुकड्यात जास्तीत जास्त १,०२३ बाइट मावतात. १२८ × १,०२३ × ८ म्हणजे सुमारे १०.५ लाख बिट. ९,६०० च्या वेगाने एवढे पाठवायला १०९ सेकंद लागत, म्हणजे मानकाच्या १२७.५ सेकंदांच्या कमाल प्रेषणकाळाला ते छान जुळत होते. १,२०,००० च्या वेगाने हीच खिडकी ८.७ सेकंदांत संपते आणि पाठवणारा गप्प बसून पावतीची वाट पाहतो.

त्यात तुम्ही लांब इंटरलीव्हर निवडला असणार. त्याचा एक ब्लॉक सुमारे ७.६८ सेकंदांचा. ८.७ सेकंदांच्या डेटाला असे दोन ब्लॉक, म्हणजे १५.४ सेकंद. पावती काही बाइटचीच, पण तिलाही एक पूर्ण ब्लॉक लागतो. प्रीअ‍ॅम्बल आणि दिशा बदलण्याचे मिळून ३ सेकंद धरले, तर फेरी २६ सेकंदांची होते. १०.५ लाखांना २६ ने भागा : ४०,०००. तुमचाच आकडा.

आता तोच हिशेब ०.४८ सेकंदाच्या शॉर्ट इंटरलीव्हरने करा. डेटाला १९ ब्लॉक म्हणजे ९.१ सेकंद, पावतीला अर्धा, वर तेच ३. फेरी साडेबारा सेकंदांची आणि वेग ८३,००० च्या वर. समुद्रावरच्या भूतरंगात जलद फेडिंग नसतेच, तिथे लांब इंटरलीव्हर केवळ उशीर करतो. यापुढची सुधारणा हवी असेल, तर ५०६६ च्या चौथ्या आवृत्तीतील मोठ्या खिडकीची सोय वापरा.

आकाशतरंगात (आयनांबरावरून परतणाऱ्या लहरीत) मात्र निवड वेगळी. डॉप्लर फैलाव १ हर्ट्झ असताना फेड सुमारे सेकंदाला एक येतो, आणि ७.६८ सेकंदांच्या ब्लॉकमध्ये अनेक फेड सामावल्याने दुरुस्ती-कोडला काम करता येते. शांत दिवशी ०.१ हर्ट्झला एकच फेड दहा सेकंद रेंगाळतो. लांब इंटरलीव्हरही तो झाकू शकत नाही. अशा वेळी मधला, १.९२ सेकंदांचा घ्यावा आणि उरलेले पुनःप्रेषणावर सोडावे. डिजिटल आवाजासाठी ०.१२ सेकंदाचा अल्ट्रा-शॉर्ट. त्यापेक्षा लांब घेतला, तर बोलणारे एकमेकांवर बोलू लागतात.

प्रश्न : सलग २४ किलोहर्ट्झ मोकळे मिळतात कुठे? रात्री ५ ते १० मेगाहर्ट्झमध्ये तर तीनही मिळत नाहीत.
— लघुलहरी श्रोते, नागपूर

उत्तर : अनेकदा मिळत नाहीत, म्हणूनच रुंदी तीन-तीनच्या पायऱ्यांनी ठेवली आहे. मिल-स्टँडर्ड-१८८-१४१ च्या २०१७ च्या ‘डी’ आवृत्तीतली चौथ्या पिढीची स्वयंचलित जोडणी, म्हणजे ४जी एएलई, हेच काम करते. दोन्ही ठाणी नेमून दिलेला पट्टा आधी ऐकतात, कोणता भाग स्वच्छ आहे ते एकमेकांना कळवतात आणि मग रुंदी व पट्ट्यातली जागा ठरवतात. ऐकणे दोन्ही टोकांना हवे, कारण त्रास देणारा परका सिग्नल बहुधा घेणाऱ्याच्या बाजूला असतो आणि पाठवणाऱ्याला तो ऐकूच येत नाही.

कमी रुंदीत तोटाच होतो असे नाही. २४ किलोहर्ट्झच्या एका कोपऱ्यात परके स्टेशन बसले आणि त्यामुळे क्यूपीएसकेवर उतरावे लागले, तर वेग २५,६००. तो कोपरा सोडून १८ किलोहर्ट्झ स्वच्छ घेतले आणि ६४-क्यूएएम टिकले, तर ५७,६००. परका सिग्नल एखादी बारीक शीळ असेल, तर ती फिल्टरने कोरून काढता येते. कोरलेल्या खाचेमुळे सिम्बॉल एकमेकांत थोडे मिसळतात, तेवढे इक्वलायझर सावरतो.

फ्रान्सच्या थेल्सने एचएफ-एक्सएल या पद्धतीत वेगळी वाट धरली. २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात विखुरलेले ३ किलोहर्ट्झचे १६ पर्यंत चॅनेल एकत्र वापरायचे. मोकळी जागा शोधणे सोपे जाते; पण एकाच अ‍ॅम्प्लिफायरमधून इतके चॅनेल एकदम पाठवले, की वर सांगितलेला शिखरांचा प्रश्न परत येतो.

प्रश्न : एचएफ चॅनेलची नक्कल करणारा वॉटरसन सिम्युलेटर स्वतः लिहिला. माझे निकाल प्रसिद्ध आकड्यांपेक्षा ३-४ डेसिबेलने चांगले येतात. हे खरे मानू का?
— संशोधक विद्यार्थी, पवई

उत्तर : मानू नका. चार ठिकाणी पाहा. पहिले, डॉप्लर फैलाव म्हणजे गाउसी वर्णपटाच्या प्रमाण विचलनाची दुप्पट. १ हर्ट्झ म्हटले, की सिग्मा ०.५. सिग्माची चौपट फैलाव मानली, तर तुमचा चॅनेल निम्म्या वेगाने बदलतो आणि निकाल गोड येतो. दुसरे, दोन्ही मार्गांची एकत्रित सरासरी ताकद १ आहे का? ती प्रत्येकी १ ठेवली, तर इथेच ३ डेसिबेल फुकट मिळाले. तिसरे, गोंगाट कोणत्या रुंदीत मोजला? ३ आणि २४ किलोहर्ट्झची तुलना करताना प्रत्येकाची रुंदी स्पष्ट लिहा. चौथे, चाचणी किती वेळ चालली? १ हर्ट्झच्या फेडिंगला निदान पाऊण-एक तासाचा सिग्नल हवा, ०.१ हर्ट्झला त्याच्या दहापट. दोन मिनिटांची चाचणी म्हणजे एखाददुसऱ्या भाग्यवान क्षणाचा निकाल.

फेडिंगची टॅप ५०-१०० हर्ट्झने तयार करून १९,२०० पर्यंत सरळ रेषांनी जोडू नका. जोडांवरचे कोपरे दाट कॉन्स्टेलेशनमध्ये चुका वाढवतात. बहुपायरी फिल्टर वापरा.

एक मर्यादाही ध्यानात असू द्या. १९७० साली वॉटरसन आणि सहकाऱ्यांनी हे मॉडेल मांडले, तेव्हा त्याची पडताळणी सुमारे १२ किलोहर्ट्झपर्यंतच्या रुंदीसाठी होती. २४ आणि ४८ किलोहर्ट्झमध्ये एकाच मार्गातल्या वेगवेगळ्या वारंवारतांना वेगवेगळा विलंब होतो आणि हे मॉडेल तो धरत नाही. तुमच्या इक्वलायझरच्या खिडकीत त्यासाठी थोडी जागा राखून ठेवा आणि शक्य असेल तिथे खऱ्या दुव्यावर रेकॉर्ड केलेल्या सिग्नलवर पडताळा.

प्रश्न : माझ्याकडे हौशी रेडिओचा परवाना आहे. ही वेव्हफॉर्म ४० मीटरवर पाठवून पाहू का?
— हौशी रेडिओचालक, कोल्हापूर

उत्तर : नको. आपल्याकडे ४० मीटरचा पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, म्हणजे सगळा मिळून २०० किलोहर्ट्झ. २४ किलोहर्ट्झने त्याचा आठवा हिस्सा झाकला जाईल आणि कित्येकांचे संभाषण बुडेल. ३० मीटरवर तर निम्मा पट्टा जाईल.

प्रयोग टेबलावर पूर्ण होतो. पूर्ण ताकदीचा ट्रान्समीटर वापरू नका. १०० वॉट म्हणजे ५० डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबेल). ते रिसीव्हरला योग्य अशा उणे ७० डीबीएमवर आणायला सिग्नल क्षीण करणारे १२० डेसिबेलचे अ‍ॅटेन्युएटर लागतील, आणि तेवढ्यात केबलच्या जोडांतून आणि खोक्यांच्या फटींतून गळणारा सिग्नलच मोठा ठरेल. एसडीआरचा १ मिलिवॉट, म्हणजे ० डीबीएमचा आउटपुट घ्या आणि पायऱ्यांचे ७० डेसिबेलचे अ‍ॅटेन्युएटर लावा. दोन्ही टोकांना दुहेरी आवरणाची केबल वापरा आणि दोन्ही एसडीआर वेगळ्या वीजपुरवठ्यावर ठेवा. चॅनेलचा बिघाड अ‍ॅटेन्युएटरच्या आधी, संगणकातच मिसळा. मग केबल काढून रिसीव्हर चालू ठेवा : प्रीअ‍ॅम्बल तरीही पकडला गेला, तर गळती आहे आणि तोवरचे सगळे मोजमाप बाद धरा.